एमिली रोझ, आनेलीझे आणि सदुसष्ट वेळा काढलेलं भूत

कटिंगचहा

गेल्या शनिवारी घरात एकटीच होते. नवरा गावाला, लेक मैत्रिणीकडे, बाहेर पावसाने धरलेलं. अशा वेळी शहाणी बाई पिठलं-भात खाऊन झोपते. मी 'द एक्सॉर्सिझम ऑफ एमिली रोझ' लावला. २००५ चा सिनेमा, दिग्दर्शक स्कॉट डेरिक्सन. तेव्हा बघायचा राहून गेला होता तो राहूनच गेला.

सिनेमात एमिली रात्री तीन वाजता जागी होते. जळकट वास येतो, दार आपोआप हलतं. तर मलाही रात्री जाग आली आणि घड्याळात दोन अठ्ठावन्न! उठून स्वयंपाकघरात गेले, गॅस बंद आहे ना बघितलं, पाणी प्यायले आणि तीन वाजून पाच मिनिटं होईपर्यंत मोबाइलवर भाज्यांचे भाव वाचत बसले. हसा खुशाल.

सिनेमा मला आवडला, हे आधीच सांगते. भुताचा सिनेमा आणि कोर्टाचा सिनेमा एकत्र कालवलेत, तरी गुठळ्या राहिलेल्या नाहीत. एकोणीस वर्षांची मुलगी मेलेली आहे, भूत काढणारा फादर आरोपीच्या पिंजऱ्यात आहे आणि गोष्ट मागे-पुढे होत उलगडते. फादरची वकील देवाबद्दल साशंक आणि सरकारी वकील मात्र चर्चला जाणारा भाविक, ही उलटापालट झकास आहे. जेनिफर कार्पेंटरने एमिली केलीय. ती अंग वाकवते ते पाहून माझीच मान आखडली.

पण 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी दिसली की मला स्वस्थ बसवत नाही. रविवारचा अख्खा दिवस वाचण्यात गेला. खरी मुलगी अमेरिकेतली नव्हतीच. आनेलीझे मिशेल, जन्म १९५२, तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतल्या बव्हेरियातली, मोठी झाली क्लिंगनबर्ग नावाच्या छोट्या गावात. घर कट्टर कॅथलिक. १९६८ मध्ये, सोळाव्या वर्षी, तिला पहिल्यांदा फिट आली. अपस्माराचं निदान झालं, औषधं सुरू झाली. १९७३ मध्ये ती वुर्झबुर्गच्या विद्यापीठात शिकायलाही गेली. या सगळ्या काळात तिला विद्रूप चेहरे दिसत होते, दुर्गंधी येत होती, तू नरकात सडशील असं सांगणारे आवाज ऐकू येत होते. क्रूस सहन होईना. औषधाने उतार पडत नाही म्हटल्यावर घरचे फादरकडे वळले. सप्टेंबर १९७५ मध्ये बिशपांची परवानगी मिळाली आणि पुढच्या नऊ-दहा महिन्यांत तिच्यावर ६७ वेळा भूत काढण्याचा विधी झाला. आठवड्याला एक-दोनदा, एकेक बैठक चार-चार तासांपर्यंत.

१ जुलै १९७६ ला ती गेली. वय २३. वजन जेमतेम ३० किलो. मृत्यूचं कारण उपासमार आणि शरीरातलं पाणी आटणं.

सिनेमा विचारतो, भूत होतं की आजार? दोन्ही बाजूंचे साक्षीदार येतात, युक्तिवाद होतात, आपण कधी इकडे झुकतो कधी तिकडे. मजा येते. पण वाचून झाल्यावर मला त्या प्रश्नाचाच राग आला. भूत असो नाहीतर आजार, पोरीचं वजन चाळीसवरून पस्तीसवर आणि पस्तीसवरून तिसावर येत होतं. घरात आईवडील आहेत, दोन फादर येऊन-जाऊन आहेत. कुणालाच दिसलं नाही? सिनेमात हा मुद्दा सरकारी वकिलाच्या तोंडी आहे, पण कॅमेऱ्याला तो कंटाळवाणा वाटतो.

तुम्हाला काय वाटतं? (आधी मी नाव 'अ‍ॅनेलीस' लिहिलं होतं. माइनकाठ यांनी सांगितल्यावर सुधारलं.)

---

रात्रपाळी

वाचायला सुरुवात केली आणि वर घड्याळ बघितलं. २:५१. नंतर येतो.

---

माइनकाठ

उच्चाराचं मी व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) कळवलंच होतं. शेवटचा 'ए' तोंडातल्या तोंडात. मी इथून जवळच, आशाफेनबुर्गला राहतो. खटला याच गावात चालला, मार्च १९७८ मध्ये सुरू झाला. क्लिंगनबर्ग इथून लोकलने अर्ध्या तासावर. माइन नदीच्या काठावर लाल दगडाच्या उतारावर द्राक्षाचे मळे आहेत आणि तिथली लाल वाइन प्रसिद्ध आहे. गावाला विचाराल तर त्यांना वाइनसाठी ओळखलेलं आवडेल.

एकदा सायकलवरून जाताना कब्रस्तानात डोकावलो होतो. ताजी फुलं होती, मेणबत्त्या होत्या. कुठूनकुठून लोक येतात तिथे, काहीजण तिला संत मानतात. एक आजी कबरीवरचं मेण खरवडून साफ करत होत्या. मी आपलं 'ग्र्यूस गॉट' म्हटलं. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, बहुतेक आणखी एक भूतवाला आला असं वाटलं असेल. पुढे काही विचारायची हिंमत झाली नाही.

सिनेमा आणि वास्तव यातला एक मोठा फरक तुमच्या लेखातून निसटलाय. सिनेमात आरोपी एकटा फादर. इथे चौघे होते. एर्न्स्ट आल्ट आणि आर्नोल्ड रेंझ हे दोन फादर, आणि मुलीचे आईवडील. आईबापाला आरोपीच्या बाकावर बसवलं असतं तर सिनेमा अर्ध्या लोकांनी बंद केला असता.

आणि इथे ज्यूरी नसते. न्यायाधीशांबरोबर साध्या नागरिकांतून निवडलेले मानद न्यायाधीश बसतात. ते बारा जणांचं 'गिल्टी' वगैरे सगळं अमेरिकन.

---

तारीख_पे_तारीख

ज्यूरी म्हटल्यावर आपल्याकडे ज्यूरीपुढे चाललेला नानावटी खटला आठवला. (अवांतर, आधीच माफी.)

शिक्षेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. चौघेही दोषी ठरले. हलगर्जीपणामुळे मृत्यू, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या दंडसंहितेतल्या ३०४-अ च्या जवळचं कलम. सहा महिने कैद, तीही स्थगित, तीन वर्षं चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर. गंमत म्हणजे सरकारी पक्षाने याहून कमी मागितलं होतं. फादरांना फक्त दंड आणि आईवडिलांना दोषी धरावं पण शिक्षा नको, कारण त्यांनी पोटची पोर गमावलीय. कोर्ट त्यांच्याही पुढे गेलं.

बचाव पक्षाने धर्मस्वातंत्र्यावर भर दिला. संविधानाने श्रद्धा पाळायचा अधिकार दिलाय आणि विधी बेकायदा नाही, असं म्हणणं होतं. विधीच्या वेळी केलेल्या ध्वनिफिती कोर्टात वाजवल्या गेल्या. पण सरकारी बाजूचं म्हणणं अगदी साधं होतं. मृत्यूच्या आठवडाभर आधी जरी डॉक्टर आला असता तरी मुलगी वाचली असती. भूत आहे की नाही हे ठरवायची कोर्टाला गरजच पडली नाही. कटिंगचहा, तुमचा राग कोर्टाने १९७८ मध्येच ऐकलाय.

---

गूढवाट

सगळे एका सुरात बोलताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. त्या ध्वनिफिती तुम्ही ऐकल्या आहेत का? चाळीसहून जास्त आहेत, काही भाग आंतरजालावर आहेत. तेवीस वर्षांच्या अशक्त मुलीच्या घशातून तसा आवाज निघू शकतो? काही ठिकाणी दोन आवाज एकमेकांशी भांडताहेत असं वाटतं. आणि तिच्या अंगातल्या भुतांनी सांगितलेली ती नावं! लुसिफर, केन, ज्यूडास, नीरो, हिटलर आणि फ्लाइशमन. बाकीचे सोडा. फ्लाइशमन हा सोळाव्या शतकातला एक भ्रष्ट पाद्री. कॉलेजातल्या पोरीला तो कसा माहीत?

विज्ञानाला सगळं कळतं असा अहंकार बरा नव्हे, एवढंच.

---

पिंपळपार

'दुसरी बाजू' आली. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

न्यूरॉनराव

मेंदूविकाराचा डॉक्टर आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. पेशंट न तपासता निदान करू नये हे मान्य. जे नोंदलं गेलंय त्यावरच बोलतो.

फिट म्हणजे फक्त जमिनीवर पडून हातपाय झाडणं, असा लोकांचा समज आहे. कानशिलाच्या आतल्या भागातून, म्हणजे टेम्पोरल लोबमधून निघणारी फिट वेगळी असते. मेंदूच्या त्या भागात वास, आठवण आणि भीती एकमेकांना खेटून राहतात. त्यामुळे तिथे वीज सटकली की माणसाला अचानक जळकट, कुजका वास येतो. कारण नसताना पोटातून भीती वर चढते. हे सगळं पूर्वी घडून गेलंय असं वाटतं. काहींना चेहरे दिसतात, आवाज येतात. माझ्या ओपीडीत एक गृहस्थ येतात, त्यांना दर फिटच्या आधी जळलेल्या रबराचा वास येतो. सुदैवाने त्यांनी तो आधी गॅरेजवाल्याला सांगितला आणि मग मला.

तिला फेनिटॉइन आणि नंतर कार्बामाझेपिन ही फिटवरची औषधं दिली होती. शिवाय पेरिसियाझिन हे मनोविकारावरचं औषध. त्या काळाच्या मानाने उपचार चुकीचे नव्हते. पण अपस्माराबरोबर येणारा मनोविकार हट्टी असतो. काही पेशंटमध्ये तर फिट आटोक्यात आल्या की मनाची लक्षणं डोकं वर काढतात. हे १९५० च्या दशकापासून माहीत आहे. नातेवाइकांच्या डोळ्यांना मात्र 'औषधाने आणखी बिघडलं' एवढंच दिसतं आणि त्यांचं दिसणं खोटंही नसतं. तिथेच डॉक्टर हरतो आणि बाहेरचा उपाय जिंकतो.

आवाजाचं म्हणाल तर खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी एक पडद्यांची जोडी असते. ती थरथरली की असा खर्जातला, दुहेरी वाटणारा आवाज येतो. तिबेटी भिक्षू त्याच घशाने मंत्र म्हणतात आणि मेटल बँडवाले त्यानेच ओरडतात. अशक्त माणसालाही जमतं. घसा मात्र फाटतो.

राहिली उपासमार. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. शरीराने-मनाने तपासून निवडलेली खणखणीत पोरं ती. तरी ती चिडकी झाली, खिन्न झाली, एकलकोंडी झाली. भूक ही मेंदूलाही लागते. आधीच आजारी असलेल्या मुलीचं काय झालं असेल?

---

पडदानशीन

न्यूरॉनराव, सिनेमातलं ते औषध कोणतं? 'गॅम्बुट्रॉल' की काय. माझ्या भावाला अपस्मार आहे म्हणून शोधत होते, सापडलं नाही.

---

न्यूरॉनराव

सापडणार नाही, ते सिनेमावाल्यांनी बनवलेलं नाव आहे. त्या औषधाने एमिलीच्या मेंदूला कुलूप लावलं आणि म्हणून भूत बाहेर पडू शकलं नाही, अशी साक्ष सिनेमातल्या मानववंशशास्त्रज्ञ बाई देतात. फेलिसिटास गुडमन या खऱ्या अभ्यासिकेने १९८१ च्या पुस्तकात याच अंगाने मांडणी केली होती. तेवढ्यावरून भावाच्या गोळ्या बंद करू नका, कृपया. हे मी हसण्यावारी लिहीत नाहीये. सिनेमा बघून औषध सोडलेले पेशंट मी पाहिलेत.

---

पडदानशीन

नाही हो, आई त्याच्या गोळ्या डब्यात वार लिहून ठेवते. धन्यवाद.

---

गूढवाट

डॉक्टरसाहेब, फ्लाइशमन राहिला.

---

माइनकाठ

फ्लाइशमनचं मी सांगतो. तो पाद्री एट्टलेबेन गावचा होता. आणि आनेलीझेचा सगळ्यात जवळचा फादर, एर्न्स्ट आल्ट, हा कोणत्या गावचा पाद्री होता? एट्टलेबेनचाच. गावच्या जुन्या पाद्र्याची कुळकथा आत्ताच्या पाद्र्याला ठाऊक असणं यात नवल ते काय? तिच्या कानावर ती कधी आणि कशी गेली याचा पुरावा माझ्याकडे नाही, पण वाट लांबची नव्हती.

---

पिंपळपार

मला तर ती यादीच बोलकी वाटते. केन आणि ज्यूडास बायबलातले, नीरो ख्रिस्ती लोकांना छळणारा, हिटलर घरचाच. बव्हेरियातल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात जे जे वाईट म्हणून शिकवतात ते सगळे हजर. आमच्या गावात बायकांच्या अंगात कधी नीरो आल्याचं ऐकलं नाही. तिथे मुंज्या येतो, हडळ येते, नाहीतर विहिरीत जीव दिलेली थोरली जाऊ येते आणि तिला खणा-नारळाने ओटी हवी असते. भूत नेहमी घरचीच भाषा बोलतं.

---

कटिंगचहा

पिंपळपार, जाऊ ओटी मागते हे वाचून हसले आणि मग गप्प झाले. जिवंतपणी मागितली असती तर मिळाली नसती म्हणून मागत असेल.

---

उत्तर_वसई

हा धागा दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते. आम्ही वसईचे कॅथलिक. या विषयावर लिहिलं की एकतर लोक 'तुमच्यातही असतं का हे!' म्हणून हसतात, नाहीतर आपलेच लोक रागावतात.

माहितीसाठी सांगते. कोणताही फादर उठून विधी करू शकत नाही. बिशपांची खास, स्पष्ट परवानगी लागते, हा नियम तेव्हाही होता आणि आजही आहे. इथे ती वुर्झबुर्गचे बिशप योझेफ श्टांगल यांनी दिली, गुप्तता पाळायच्या अटीवर. (याच श्टांगलनी १९७७ मध्ये योझेफ रात्सिंगर यांना बिशपपदाची दीक्षा दिली. म्हणजे पुढे पोप झालेले बेनेडिक्ट सोळावे.) जो विधी वापरला तो १६१४ चा. चर्चने तो मोठ्या प्रमाणात बदलला १९९९ मध्ये. त्यात आजार आणि बाधा यांची गल्लत होऊ नये याबद्दल जास्त सावध केलंय आणि वैद्यकातल्या जाणकारांचा सल्ला घ्यायला सांगितलंय. खरं तर १६१४ च्या पुस्तकातही सहजासहजी बाधा मानू नये असं लिहिलंच होतं.

पण मला नियमांपेक्षा वेगळंच बोलायचंय. आनेलीझेला वाटत होतं की ती दुसऱ्यांच्या पापाचं प्रायश्चित्त करतेय. वाट चुकलेल्या तरुणांसाठी, श्रद्धा सोडलेल्या धर्मगुरूंसाठी. दुःख देवाला अर्पण करायचं, हे आम्हाला लहानपणापासून शिकवतात. दात दुखला तरी आजी म्हणायची, येशूला दे. त्यात मायाच होती. पण त्या मुलीने आपली भूकच अर्पण केली. दिवसाला शेकडो वेळा गुडघे टेकायची, गुडघ्यांची चाळण झाली. आणि आजूबाजूच्या मोठ्या माणसांना त्यात पवित्र काहीतरी दिसत राहिलं. सैतानाला शोधायच्या नादात त्यांनी पोरीकडे बघितलंच नाही, असं मी म्हणणार होते. पण ते खोटं होईल. ते रोज बघत होते, प्रेमाने बघत होते. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

३० जूनला शेवटचा विधी झाला. त्यानंतर तिने आईला सांगितलं की मला भीती वाटतेय. सिनेमातल्या कुठल्याही किंकाळीपेक्षा हे एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

---

रात्रपाळी

आलो. दिवसा वाचलं. उत्तर_वसई, तुमचा प्रतिसाद वाचून सिनेमा बघायची इच्छाच गेली.

---

तारीख_पे_तारीख

उत्तर_वसई, फार चांगलं लिहिलंत.

खटल्याच्या तोंडावर घडलेली एक गोष्ट सांगायची राहिली. फेब्रुवारी १९७८ मध्ये तिचं शव उकरून काढलं. का, तर एका ननला दृष्टान्त झाला की देह कुजलेला नाही, म्हणजे ती खरोखर बाधित होती असं सिद्ध होईल. देह कुजलेला होता. अधिकृत नोंद तशीच आहे. तरी लोक म्हणालेच की आईवडिलांना बघू का दिलं नाही, नक्की काहीतरी लपवलंय.

---

गूढवाट

पण तिने स्वतःच डॉक्टर नको म्हटलं होतं. सज्ञान होती. तिच्या इच्छेचा मान ठेवला तर आईबापांचा गुन्हा कसा?

---

न्यूरॉनराव

प्रश्न चांगला आहे, टोमणा न मारता उत्तर देतो. सज्ञान पेशंट उपचार नाकारू शकतो, तो त्याचा हक्क आहे. पण 'मी जेवले तर माझ्या आतला सैतान जिंकेल' असं म्हणणारा माणूस जेवण नाकारत असेल, तर नकार त्याचा की आजाराचा, हे कुणीतरी तपासायला हवं. ते तपासणारा माणूसच घरात आला नाही. शेवटच्या दहा महिन्यांत तिच्याशी सगळ्यात जास्त कोण बोललं? तिच्या आतल्या भुताशी बोलणारे लोक. दर आठवड्याला चार तास भुताला नाव विचारायचं, त्याच्याशी वाद घालायचा, ते टेपवर घ्यायचं. हे ६७ वेळा केल्यावर भूत नसेल तरी येईल. खटल्यात तज्ज्ञांनी हेच सांगितलं होतं, की तिच्या समजुतीला आजूबाजूच्यांनी खतपाणी घातलं.

शिवाय 'द एक्सॉर्सिस्ट' १९७३ चा. जर्मनीत तो पुढच्याच वर्षी लागला होता. एवढंच लिहून थांबतो.

---

गूढवाट

ठीक. पूर्ण पटलं नाही, पण विचार करतो.

---

पिंपळपार

आंतरजालावर कुणी 'विचार करतो' म्हणालं! धाग्याचं पान फ्रेम करून ठेवा.

---

शेंगदाण्याची_चटणी

आमच्या घरातलं सांगते. गावाचं नाव लिहीत नाही.

माझी चुलतबहीण दहावीत असताना पहिल्यांदा पडली. शाळेच्या मैदानात, झेंड्यासमोर. कुणीतरी चप्पल हुंगवली, कुणीतरी कांदा. दुसऱ्यांदा ती घरात पडली तेव्हा अमावस्या होती. झालं, काकूने ठरवलं की बाहेरचं आहे. देवऋषी आला. उतारा झाला, लिंबं कापली, दंडाला काळा दोरा बांधला. पुढे ती शुद्धीत असतानाही घुमायला लागली. आधी नव्हती घुमत. देवऋषी विचारायचा, 'कोण हायेस तू, बोल.' आणि ती बोलायची. सोळा वर्षांची पोर, चार माणसं जमिनीवर बसून तिचं ऐकताहेत. एरवी तिला चहा कर म्हणण्यापलीकडे कुणी बोलत नव्हतं. न्यूरॉनरावांनी ते 'भूत नसेल तरी येईल' लिहिलंय ना, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

एकदा मिरचीची धुरी दिली. त्या रात्री तिला एकामागून एक फिट आल्या, थांबेचनात. चुलतभावाने शेजाऱ्याचा टेम्पो काढला आणि काकूशी भांडून तिला तालुक्याला नेलं. वाचली.

काकू वाईट नव्हती हो. देवऋषीच्या पायऱ्या चढायच्या आधी ती दोन दवाखाने फिरली होती. एकाने सलाइन लावून परत पाठवलं, दुसऱ्याने लग्न करून द्या म्हणजे थांबेल म्हणून सांगितलं.

---

तारीख_पे_तारीख

मिरचीची धुरी आता कायद्यात नाव घेऊन लिहिलेली आहे. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा, २०१३. अनुसूचीतला पहिलाच मुद्दा भूत उतरवण्याच्या बहाण्याने साखळीने बांधणं, मारहाण, धुरी देणं वगैरे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, शिवाय दंड. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं त्याच्यामागे लागले होते. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला. एवढी घाई आधी कधी दिसली नव्हती.

---

न्यूरॉनराव

चटणी, 'लग्न करून द्या' सांगणारा डॉक्टर माझ्या वाचनातही आहे आणि ओळखीतही. त्याच्यासाठी कुठलाच कायदा नाही.

---

फिल्लमबाज

सिनेमाचा धागा आहे म्हणून सिनेमावर येतो. एमिली रोझ बघितलात तर याच घटनेवरचा जर्मन सिनेमा बघाच. 'रेक्विएम', २००६, दिग्दर्शक हान्स-क्रिस्टियान श्मिड. मुलीचं नाव बदललंय. भूमिका सांड्रा ह्यूलरची, तिला बर्लिन महोत्सवात अभिनयाचं रौप्य अस्वल मिळालं. तीच ती, पुढे 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल'मधली.

यात डोळे पांढरे होत नाहीत, कुणी भिंतीवर चढत नाही, घड्याळात तीन वाजत नाहीत. एक मुलगी घर सोडून विद्यापीठात जाते, तिला मैत्रीण मिळते, मित्र मिळतो, ती पार्टीत बेभान नाचते. मग हळूहळू सगळं सुटत जातं. आईचा चेहरा बघाच. मुलगी नवे कपडे घेऊन येते तेव्हा आईचे ओठ जे आवळले जातात, त्यात अर्धा सिनेमा आहे. आणि विधी सुरू झाल्यावर थोड्याच वेळात सिनेमा संपतो. ज्या भागावर डेरिक्सनने अख्खा डोलारा उभा केला, तो श्मिडने एका पाटीत गुंडाळला.

एमिली रोझ वाईट आहे असं नाही. गोठ्यातला तो विधीचा प्रसंग, पाऊस, उधळलेले घोडे, सहा भुतांची नावं वेगवेगळ्या भाषांत, हे सगळं जबरदस्त उभं केलंय. पण खुर्ची घट्ट पकडून बघायचा सिनेमा तो. 'रेक्विएम' बघताना पकडायला काही सापडत नाही.

---

पडदानशीन

कुठे बघायला मिळेल?

---

फिल्लमबाज

व्यनि केलाय.

---

रात्रपाळी

मलाही व्यनि. (हो, दिवसा बघेन.)

---

माइनकाठ

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. हा धागा वाचून काल त्यांना सहज विचारलं, तेव्हा तुम्ही कुठे होतात? त्या म्हणाल्या, याच गावात, पंचविशीत होते. कोर्टाबाहेर कॅमेरे घेतलेल्या पत्रकारांची ही गर्दी. मी विचारलं, लोक काय म्हणायचे? त्या म्हणाल्या, बाहेरचे लोक विचारायचे की विसाव्या शतकात असं कसं होतं. आम्ही काही विचारत नव्हतो. आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी तशीच आई होती. मग त्यांनी विषय बदलला आणि मला जर्दाळूचा केक दिला.

---

कटिंगचहा

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

काल 'रेक्विएम' बघितला. लेक घरी होती, तिलाही बसवलं. पार्टीतल्या नाचाच्या वेळी ती म्हणाली, "मम्मा, ही किती खूश आहे बघ." शेवटी पाटी आली तेव्हा तिने विचारलं, "पण हिने कुणाला फोन का नाही केला?" मला उत्तर सुचलं नाही. फोन करून ती सांगणार काय होती?

एमिली रोझनंतर मी दोन रात्री दिवा लावून झोपले होते. काल अकरालाच अंधार केला. झोप मात्र आली नाही. उठून लेकीच्या खोलीत डोकावले, तर ती जागीच. म्हणाली, भूक लागलीय. रात्री साडेबाराला दोघींनी मॅगी केली.

चटणी, तुमच्या बहिणीचं पुढे काय झालं? नसेल सांगायचं तर राहू द्या.

---

शेंगदाण्याची_चटणी

सांगते की. चार वर्षं झाली, एकही फिट नाही. अंगणवाडीत मदतनीस आहे. गोळी रात्री साडेनऊला, मोबाइलवर गजर लावलेला. काकू अजून अमावास्येला तिच्या कपाळाला अंगारा लावते. आम्ही डॉक्टरांना विचारलं, चालेल का? ते म्हणाले, लावू दे, गोळी चुकवू नका.

घुमणं कधीच बंद झालं. परवा तिलाच विचारलं, तेव्हा बोलायचं ते कोण होतं गं? हसली. म्हणाली, "मला काही आठवत नाही. पण माझं सगळे ऐकायचे, एवढं आठवतंय."